ठेका आणि पुडी

पुण्याहून सोलापूरला येताना मोहोळ मागे पडलं, की शहराच्या अलीकडे चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. एसटीच्या खिडकीतून पत्र्याची शेडं, पाण्याच्या टाक्या, फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेला पहारेकरी, पाळी सुटताना सायकलींची नि दुचाकींची झुंबड, एवढंच दिसतं. या रस्त्यानं मी इतक्या वेळा आलो-गेलो आहे, की त्या शेडांकडे मान वळवून पाहायचंही सुचत नाही. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलीस तिथल्या एका औषध कंपनीत शिरले आणि त्यांनी साडेअठरा टन इफेड्रिन जप्त केलं. पोलिसांनी त्याची किंमत २,००० कोटी रुपयांच्या घरात सांगितली. आपल्याकडचा साधा ट्रक नऊ-दहा टन माल वाहतो. म्हणजे दोन ट्रक भरतील एवढा ऐवज.

इफेड्रिन हे मुळात औषध आहे. दम्यासाठी, सर्दीसाठी ते पूर्वीपासून वापरतात. पण त्याच्यापासून मेथॅम्फेटामीन हे नशेचं द्रव्य तयार करता येतं, म्हणून कायद्यानं त्याची खरेदी, विक्री, साठा, वाहतूक सगळं नोंदवहीत बांधलं आहे. ठाण्यात सापडलेल्या किरकोळ मालाचा माग काढत पोलीस सोलापूरपर्यंत पोहोचले होते. प्रकरण देशभर गाजलं ते ममता कुलकर्णी या अभिनेत्रीचं नाव आल्यामुळे. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. नटीच्या बातम्या आठ वर्षं चालल्या. मात्र टनावारी माल दिवसाढवळ्या, परवान्याच्या छताखाली, पाळीच्या भोंग्यावर हलत असेल, तर त्या नोंदवह्या कोण तपासत होतं, हा प्रश्न सोलापुरात चार दिवससुद्धा टिकला नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा सोलापूर. या वेळी माल मेफेड्रोन, म्हणजे पोरांच्या तोंडी असलेलं ‘एमडी’. मुंबईच्या गुन्हे शाखेनं सोलापूरजवळच्या कारखान्यावर छापा घालून सुमारे ८ किलो एमडी आणि कच्चा माल पकडला. त्याच महिन्यात नाशिक पोलीसही माग काढत याच जिल्ह्यात आले. पुढं फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना उघडकीला आणला. पुणे, कुरकुंभ आणि दिल्ली मिळून दीड हजार किलोंहून जास्त एमडी हाती लागलं. कुरकुंभही याच पुणे-सोलापूर रस्त्यावर. उसाचे ट्रॅक्टर, चादरीचे गठ्ठे, पंढरीला निघालेल्या दिंड्या आणि हा माल, सगळ्यांचा रस्ता एकच.

एमडी हे पिकणारं झाड नाही. त्याला शेत लागत नाही, डोंगर लागत नाही. रसायनशास्त्र जाणणारा एक माणूस, बंद पडलेलं किंवा भाड्यानं घेतलेलं शेड, ड्रम, आणि ज्याच्या वासाला शेजारी दचकणार नाहीत अशी वस्ती, इतकं पुरतं. औद्योगिक वसाहतीत उग्र वास रोजचाच असतो. ५ फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेनं एमडी अमली पदार्थांच्या कायद्यात आलं. त्याआधी ते जवळ बाळगणाऱ्यावर या कायद्याखाली गुन्हाही लागत नव्हता. आता दोन ग्रॅमपेक्षा कमी साठा ‘अल्प’ आणि पन्नास ग्रॅमहून जास्त ‘व्यावसायिक’ धरतात. दोन ग्रॅम म्हणजे चिमूटभर. कागदाची घडी, तिच्यात पांढरट भुकटी, ती पाकिटाच्या कप्प्यात. अशा एका पुडीनं पोरगा रात्रभर जागतो, भूक मरते, दात आवळले जातात, आणि उतरताना मन असं खचतं, की दुसरी पुडी घेतल्याशिवाय उभं राहवत नाही. घरच्यांच्या लक्षात येतं तेव्हा विजारीचा पट्टा दोन भोकं आत गेलेला असतो, आणि कपाटातली चेन गहाण पडलेली असते.

नशेची बातमी फुटली, की सरकार पहिला घाव कुठे घालतं? गाण्यावर. जून २०२४ मध्ये पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका बारमधली, तरुण मुलं नशा करत असल्याची चित्रफीत पसरली. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी बेकायदा पबवर बुलडोझर चालवण्याचे आदेश दिले, आणि लगोलग शेड, छपरं, वाढवलेली बांधकामं पडू लागली. बेकायदा बांधकाम पाडायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण ते काल संध्याकाळी उभं राहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. ते पडलं ते नशेच्या नावानं, आणि टीव्हीवर पाहणाऱ्याला वाटलं की नशेवर घाव बसला. गोव्यात हे फार आधीपासून चालत आलं आहे. हणजुण, वागातोरच्या किनाऱ्यावर कुणी दगावलं, की आधी रात्रीच्या पार्ट्या आणि कर्णे बंद करण्याची घोषणा होते. हंगाम आला की कर्णे परत लागतात.

सोलापुरात पब जवळजवळ नाहीतच. आमची रात्र वेगळी आहे. गावाबाहेरच्या रस्त्यांवरचे ऑर्केस्ट्रा बार, मोडनिंबची संगीतबारी, आणि वर्षातून इतक्या वेळा निघणाऱ्या मिरवणुका, की आमच्या गावात कॅलेंडर भिंतीवर नसलं तरी रस्त्यावरून तिथी कळते.

एका ऑर्केस्ट्रा बारमध्ये गाणाऱ्या बाईंशी मी दोन दुपारी बोललो. वय चाळीसच्या पुढं. गाण्याची वही आता मोबाईलमध्ये गेली आहे, पण जुनी वही त्यांनी जपून ठेवली आहे. कडेला तेलकट झालेली पानं, प्रत्येक गाण्यावर लाल शाईनं स्वर लिहिलेला. माईकच्या जाळीवर बांधायला त्या घरून रुमाल आणतात, कारण तो माईक रोज चार जण तोंडाशी धरतात. रात्री दोन तास ऑक्टोपॅडवाल्याच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचं, पाळी आली की उठायचं. घरी थोरल्या मुलाची फी, आईची शुगरची औषधं. छापा पडतो तेव्हा आधी मंचावरच्या बायका मोजतात, ओळखपत्रं मागतात, असं त्या म्हणाल्या. बाहेर गाड्या लावायच्या जागेत कोण कुणाला काय देतं, हे आजवर त्यांना कुणीच विचारलेलं नाही. त्या मात्र रोज त्याच जागेतून रिक्षापर्यंत चालत जातात.

बायका मोजण्याची ही रीत खरोखरच कागदावर होती. ऑर्केस्ट्राच्या परवान्यात चार बायका आणि चार पुरुष अशी अट असायची. १८ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं ती अट घटनाबाह्य ठरवली. मंचावर आठच माणसं हवीत असं म्हणा हवं तर, पण त्यांतल्या बायका किती हे सरकारनं ठरवायचं नाही. त्याआधीची गोष्ट डान्सबारची. २००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदी आणली, ऑगस्टमध्ये ती लागू झाली. कारण नशेचं नव्हतं, अश्लीलतेचं नि तरुण पिढी बिघडण्याचं होतं. तारांकित हॉटेलं आणि क्लब वगळले होते. म्हणजे तोच नाच महाग जागी चालेल, स्वस्त जागी नाही. आर. आर. आबांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. खेड्यापाड्यांतून बारमध्ये उधळलेल्या पैशांच्या कहाण्या त्यांच्या कानावर आल्या होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. त्या खटल्यात ७५,००० बायकांच्या पोटाचा प्रश्न मांडला गेला होता. मग २०१६ चा नवा कायदा, त्यातल्या अटी, मंचाला तीन फुटांचा कठडा. जानेवारी २०१९ मध्ये त्यांतल्याही बऱ्याच अटी गळाल्या, पण साडेअकराची वेळ टिकली. चौदा वर्षं सरकार, वकील, न्यायमूर्ती सगळे गुंतले ते कठड्याच्या उंचीत. त्याच काळात रस्त्यापलीकडच्या शेडांत दुसरंच काही शिजू लागलं होतं.

नाच-गाण्यावर घाव घालायची ही सवय जुनी आहे. लावणीचा मोठा शाहीर राम जोशी याच सोलापूरचा. वेदशास्त्र जाणणाऱ्या घरातला मुलगा तमाशाच्या नादी लागला म्हणून थोरल्या भावानं त्याला घराबाहेर काढलं, अशी आठवण सांगतात. स्वातंत्र्य आल्यावर बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशाला चाप लावला, मग समिती नेमली, वग तपासून परवानगी द्यायची पद्धत आली. त्याच सुमारास १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्यातून दारू काही संपली नाही, हातभट्टी घरोघर शिकली गेली. ज्या कलेचा श्रोता गरीब, तिच्यावर बंदी घालणं सोपं जातं. तिच्या बाजूनं कोर्टात उभं राहायला वेळ लागतो.

बाहेरच्या जगातही असंच झालं आहे. इंग्लंडमध्ये मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारो तरुण आठवडाभर नाचले. १९९४ च्या फौजदारी कायद्यात मग संगीताची व्याख्याच घातली गेली. एकामागून एक तेच ठोके पुन्हा पुन्हा येत असतील असा आवाज, रात्री, उघड्यावर, शंभर किंवा त्याहून जास्त माणसांत वाजला, तर पोलिसांनी तो थांबवावा. ही व्याख्या वाचताना मला आषाढी वारीतला पखवाज आठवला. एकच ठेका, पुन्हा पुन्हा, रात्र-रात्र, लाखोंच्या मेळ्यात. नशा ठोक्यात असती, तर पंढरपूरला पहिला गुन्हा दाखल झाला असता. कायदा झाल्यावर तिकडच्या पार्ट्या माळावरून परवान्याच्या क्लबात गेल्या, नशेच्या गोळ्याही त्यांच्या पाठोपाठ गेल्या. १९९५ मध्ये ज्या मुलीच्या मृत्यूनं सगळा देश हादरला, ती कुठल्याच क्लबात नव्हती. अठराव्या वाढदिवसाच्या घरच्याच पार्टीत तिनं गोळी घेतली, आणि गोळीमागे भरपूर पाणी प्यायचं असतं या ऐकीव समजुतीनं दीड तासात सात लिटर पाणी प्यायली. तिला मारलं ते गोळीवर प्यायलेल्या त्या पाण्यानं. खरी माहिती देणारं कुणी जवळ असतं, तर कदाचित वाचली असती.

अमेरिकेत २००३ मध्ये असाच कायदा झाला. जागेचा मालक किंवा आयोजक तिथल्या नशेला जबाबदार. ऐकायला रास्त वाटतं. पण त्यातून एक विपरीत गोष्ट घडली. आयोजक फुकट पाणी ठेवायला, डॉक्टरचा तंबू उभारायला कचरू लागले, कारण तंबू ठेवला म्हणजे इथं नशा होते हे तुम्हाला ठाऊक होतं, असा पुरावा उभा राहतो की काय, ही भीती. २०१३ मध्ये मुलगी गमावलेल्या एका आईनं हा कायदा दुरुस्त व्हावा म्हणून मोहीम चालवली. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही कलम २५ आहे. जागा जाणूनबुजून नशेच्या व्यवहाराला वापरू देणाऱ्या मालकाला, तो व्यवहार करणाऱ्याइतकीच शिक्षा. म्हणजे बार असो वा शेड, मालकाला धरायला नवा कायदा लागत नाही. कलम ६४-अ तर याहून मोलाचं आहे. व्यसनात सापडलेला माणूस आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला, तर अल्प साठ्याबद्दल किंवा सेवनाबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. हे कलम सोलापूरच्या किती आईबापांना माहीत आहे? पोलीस पकडतील या धास्तीनं मुलाला दवाखान्यात न नेणारं घर मी जवळून पाहिलं आहे. त्यांनी त्याला खोलीत कोंडलं, अंगाऱ्या-धुपाऱ्याला नेलं, मामाच्या गावी धाडलं. दीड वर्ष गेलं.

आता डीजेबद्दल, कारण सोलापुरात आवाजाचा विषय निघाला आणि डीजे नाही असं होत नाही. २०२५ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर डीजेमुक्त सोलापूरसाठी सामान्य माणसं रस्त्यावर आली, त्यांच्या बाजूनं मी उभा आहे. बाळी वेशीपासून मिरवणूक पुढं सरकते तेव्हा आजूबाजूच्या वाड्यांत फळीवरची पितळी भांडी एकमेकांवर आपटतात, तान्ह्या मुलांच्या कानांत कापूस घालावा लागतो, हृदयविकाराचा माणूस आठवडाभर लेकीकडे जाऊन राहतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यावर शिक्कामोर्तब केलं. हा कायदा कानाचा आहे, झोपेचा आहे, शेजारधर्माचा आहे. तो त्याच कारणासाठी, सगळ्यांना सारखा, मंडळ कुणाचं हे न पाहता लावावा. त्याच्या गळ्यात नशाबंदीचं लेबल अडकवलं, की दोन्हींचं वाटोळं होतं. डीजे बंद झाला म्हणजे पोरं सुधारली असं सांगायला पुढारी मोकळे, आणि पुडी विकणाऱ्याला तर शांतता अधिकच सोयीची.

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडी आहे. कोजागरीच्या पौर्णिमेला सोलापूरचे हजारो लोक रात्रभर याच रस्त्यानं आईच्या दर्शनाला चालत जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामलवाडी पोलिसांनी तिथं तिघांना एमडीच्या ५९ पुड्यांसह पकडलं. तपास पुढं गेला तसा आरोपींचा आकडा तिसाच्या वर गेला, तुळजापूरच्या काही पुजाऱ्यांची नावंही आली. प्रकरण न्यायालयात आहे, दोषी कोण ते तिथं ठरेल. पण तुळजापुरात पब नाही, डान्सफ्लोअर नाही. तिथं रात्री वाजतो तो संबळ. तरी पुडी पोहोचली.

सोलापूरच्या रेल्वे स्टेशनाबाहेर, जिन्याच्या खालच्या अंगाला, दहा-बारा वर्षांची मुलं फडका नाकाशी धरून बसलेली दिसतात. पंक्चर काढायचं सोल्युशन. त्यांच्यापैकी एकाला मी चहा-बिस्किट दिलं तेव्हा त्यानं फडका दुसऱ्या हातात घेतला, बिस्किट खाल्लं, परत फडका जुन्या हातात. बोटांची टोकं पिवळी, चिकट, त्यावर धूळ बसलेली. दिल्लीच्या एम्सनं २०१९ मध्ये देशभरच्या पाहणीचा अहवाल दिला. त्यात हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त निघालं. बाकीच्या कुठल्याच नशेत असं नाही. मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७. त्याच अहवालात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याची नोंद आहे. या मुलांना कुठलं संगीत बंद करून वाचवणार?

ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, आलं, तेव्हा ना डीजे होता ना पब. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैसे दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. डॉ. सुनंदा अवचटांनी तिथं पेशंटला आधी माणूस म्हणून वागवायची शिस्त घातली. स्वतः अवचट बासरी वाजवत. व्यसनातून बाहेर येणाऱ्या माणसाला गाणं लागतं, ताल लागतो, चार जणांत हात वर करून नाचायची जागा लागते, नाहीतर रिकामी झालेली संध्याकाळ त्याला परत ओढते.

माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारं एक उदाहरण मला माहीत आहे, ते इथं सांगायलाच हवं. आइसलँडनं रात्रीवर मर्यादा घातली आणि तिथं फरक पडला. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर राहायचं नाही. महिन्याभरात दारूच्या नशेत राहिलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलं १९९८ मध्ये ४२ टक्के होती, २०१६ मध्ये ५ टक्के राहिली. पण त्या देशानं नुसतं दार लावलं नाही. आईबापांना शाळेत बोलावून घेतलं, मुलांचे खेळ वाढवले, आणि पोराला पोहणं, फुटबॉल किंवा वाद्य शिकता यावं म्हणून मुलागणिक पैसे दिले. रात्र काढून घेतली, तिच्या बदल्यात संध्याकाळ दिली.

सोलापूर जिल्ह्यानं स्वतःही असं काही करून पाहिलं आहे. शहराला खेटून असलेल्या मुळेगाव तांड्याची ओळख वर्षानुवर्षं हातभट्टी. पोलीस जायचे, गूळमिश्रित रसायनाचे बॅरल ओतून द्यायचे, रबरी ट्यूब जप्त करायचे, पंचनामा व्हायचा, आठ दिवसांत भट्टी परत पेटायची. सप्टेंबर २०२१ मध्ये ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. हातभट्टीची गावं आणि तांडे एकेका अधिकाऱ्याला वाटून दिले. धाडी थांबवल्या नाहीत, पण धाडीनंतर तोच अधिकारी परत जायचा, ओट्यावर बसायचा, घरात कमावतं कोण, शिकलेलं कोण, हे लिहून घ्यायचा. बायकांना दुसरं काम, पोरांना नोकरीची वाट, कर्जाला मदत. लमाण बाईला भट्टीची हौस नसते, धुरानं डोळे जातात, तिला तिचा हप्ता फेडायचा असतो. एवढं पोलीस खात्यानं ऐकून घेतलं. अधिकारी बदलले की अशा कामाचा जोर ओसरतो ही भीती खरी आहे. तरी रसायन ओतण्यापलीकडे पोलिसाला काय करता येतं, हे या जिल्ह्यानं पाहिलं.

एमडीच्या बाबतीत मला एवढंच हवं आहे. चिंचोळीच्या शेडांचे भाडेकरार, कच्च्या मालाच्या नोंदी, बंद कारखान्यांचं रात्रीचं वीजबिल, हे तपासणारी माणसं नेमा, त्यांना रसायनशास्त्र कळू द्या. सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा वाढवा, १४४४६ हा मदतीचा नंबर रिक्षांच्या पाठीवर रंगवा. आणि गाणाऱ्या बाईला साडेअकराला सुखरूप घरी जाऊ द्या.

गणपतीआधी महिनाभर शहराच्या पूर्व भागात लेझमीचा सराव असतो. यंदा एका मंडळाच्या सरावाला मी रोज जाऊन बसत होतो. यंत्रमागावर दिवस काढलेली पोरं हातपाय धुऊन येतात, हलगी कडाडते, आणि दोनशे लेझमी एका वेळी खाली येतात तेव्हा पायाखालची फरशी हलते. शिकवणारे अण्णा स्वतः मागावरचेच, तेलुगू-मराठी मिसळून ओरडतात. त्यांच्याकडे शंभर पानी वही आहे, हजेरीची. सलग तीन दिवस गैरहजर असलेल्या पोराच्या नावापुढे ते फुली मारतात आणि सराव संपल्यावर त्याच्या घरी जातात. रागवायला नाही. नुसतं दारात उभं राहून, पोरगा आहे का, बरं आहे ना, एवढं विचारायला. एका रात्री दहा वाजता हलगी थांबली, पोरांनी लेझमी मोजून पोत्यात भरल्या. त्या रात्री वहीत तीन फुल्या होत्या. दोन घरं जवळच होती, तिथं अण्णा जाऊन आले. तिसरं अशोक चौकाच्या पलीकडे होतं, तिथं सकाळी पाळीवर जायच्या आधी जाणार होते.